जिन्याखालच्या चपला

आयुष्यात मला जिन्यावरून परत पाठवणारा माणूस एकच भेटला. तो आमचा घरमालक होता आणि जिना त्याच्याच मालकीचा होता, त्यामुळे मला भांडायला जागा नव्हती. तरी मी भांडले.

बुलढाण्यात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. रेडिओ, टेप, मिक्सर, इस्त्री, वायरीला जे जे लटकतं ते सगळं तो दुरुस्त करायचा. आम्ही त्याच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं गेलो तेव्हा त्यानं बाजारातलं दुकान आवरलं होतं, पण कानामागचा पेचकस काढला नव्हता. आंघोळ करून पूजेला बसला तरी पेचकस कानामागे. त्याच्या बायकोनं एकदा देवाच्या फुलांबरोबर तो पण ताम्हनात ठेवून दिला होता.

दिसेल ती वस्तू बोटांनी वाजवून पाहायची त्याला खोड होती. टरबूज काय, सगळेच वाजवतात. हा दुधाचं पातेलं वाजवायचा, दाराची चौकट वाजवायचा, पाहुण्याची सुटकेस वाजवायचा. मान तिरकी करून ऐकायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच होते, "हालते" आणि "नाही हालत". चांगलं-वाईट हे शब्द त्याच्याकडे नव्हतेच. माझ्या हातचं पिठलं त्यानं पहिल्यांदा खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, हालते." मी दचकून वाटीत पाहिलं.

मी तेव्हा साठीच्या अलीकडची, म्हणजे अगदीच पोरवयाची. मोताळ्याच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळून नुकतीच रिटायर झालेली. केस काळेभोर (डबीतले), पदराला पिन आणि चेहऱ्यावर चोवीस तास तपासणी चालू. घरात भाजीच्या पिशव्यासुद्धा उंचीप्रमाणे उभ्या करायची. आज ती बाई मला समोरून येताना दिसली तर मी गल्ली बदलीन. आमचे हे पंचायत समितीत क्लार्क होते, ते माझ्या आधी रिटायर झाले आणि टीव्हीसमोर बसले. तिथंच बसले. आमच्यात बोलणं होतं, नाही असं नाही. "जेवता का?" "वाढ." "टाकी भरली का?" "हाव." पस्तीसेक वर्षांच्या संसारात इतकं पुरतं, असं मी तेव्हा मानत असे. चौथीच्या मुलांना पण मी मोजकंच बोलायला शिकवायची.

आम्ही राहायला गेलो त्याच्या पहिल्याच शनिवारी, दिवस कलायच्या सुमाराला, डोक्यावरची गच्ची थाडथाड वाजायला लागली. कोणीतरी तेलाचा रिकामा पिपा बडवत होतं, त्यावर कोणीतरी भराभरा काहीतरी बोलत होतं, पाढे म्हटल्यासारखं, पण चुकीचे. मी पदर खोचला आणि जिना चढले. वरच्या पायरीवर मिस्त्री बसलेला.

"हे काय चाललंय?"

"हिपहॉप होय, बाई."

"बंद करा."

"एकट्याच आल्या?" माझ्यामागं वाकून पाहत तो म्हणाला. "भाऊसाहेब कुठी हायेत?"

"त्यांचा काय संबंध?"

"मंग जा खाली. एकट्या मानसाले वर घेत नाही आपण. तक्रार असन तं तक्रार बी दोघांनी मिळून आना."

मी तिथंच त्याला सुनावणार होते. पण पिपा थांबला आणि आत एक मुलगी गायला लागली. मोताळ्याकडची मुलगी, इथल्या दवाखान्यात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत. शब्द इंग्रजी होते, आवाज मात्र इथल्या मातीतला होता. उन्हाळ्यात वावराला जशी भेग जाते तशी त्या आवाजाला मधेच एक भेग जायची आणि त्या भेगेतूनच तो वर यायचा. मी तोंड उघडलं होतं ते तसंच उघडं राहिलं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, जिन्याच्या कठड्यावर दोन बोटं वाजवली आणि म्हणाला, "हालल्या तुमी. आता जा, अन् जोडीनं या."

हे गाणं त्याच्याकडे आलं कसं, याची पण एक कथा आहे, ती तो प्रत्येकाला सांगायचा. दुकानात कोणीतरी टेपरेकॉर्डर टाकून गेला, आत कॅसेट अडकलेली, आणि तो माणूस परत कधी आलाच नाही. मिस्त्रीनं टेप दुरुस्त केला, लावून पाहिला, तर त्यातून एक परदेशी बाई गायला लागली. ह्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. दुकानाचं शटर ओढून त्यानं ती कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली. "ह्या गान्याले सोल म्हनतात हे मले कॉलेजच्या पोरायनं सांगतलं," तो म्हणायचा. "मले वाटलं, बाईची म्हैस हरपली असन. म्हैस हरपल्याबिगर मानूस असा आवाज काढत नाही." एकदा सिस्टरनं त्याला समजावलं की काका, त्यात ती बाई म्हणते आहे, तू माझ्यापाशी बस, कुठं जाऊ नको. मिस्त्री म्हणाला, "तेच तं. म्हशीले हेच सांगतात."

पण कॅसेट तो गच्चीवर कधी वाजवत नसे. त्याचं ठरलेलं होतं, टेपवरचं गाणं एकट्यानं ऐकायचं आणि समोर बसून गाणाऱ्याचं जोडीनं. ही जोडीची भानगड दुकानातली. मिक्सर दुरुस्त झाला की तो एकट्या बाईच्या हाती देत नसे, एकट्या बाप्याच्याही नाही. "दोघं या, दोघांच्या समोर लावून दाखवतो. नाहीतं घरी गेल्यावर तो म्हनते तुनं बिघाडला, ते म्हनते तुनं." लोक चिडायचे, पण यायचे. मिस्त्रीच्या दुकानापर्यंतची वाट ही कितीतरी नवराबायकोंची वर्षातली एकमेव एकत्र वाट होती. येताना रुसलेले, जाताना मिक्सर मधे धरून हसत. दुकान बंद झालं आणि देऊळघाटचा एक तरणा गडी बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन घरी आला. तो सकाळी बाजारात घरची मेथी-पालक विकायचा आणि संध्याकाळी हिपहॉप म्हणायचा. अ‍ॅम्प्लिफायर गच्चीवर लावून पाहिला, तो चालू झाला, आणि गच्ची पण चालू झाली. दुकानाचा नियम जिना चढून वर आला.

नियम पाळला जातो की नाही हे पाहण्याची रीत साधी. जिन्याखाली चपला काढायच्या. दोन जोड एकमेकांना चिकटून. मिस्त्री वरून वाकून पाहायचा. एकटा जोड दिसला की त्या माणसाला शोधून खाली धाडायचा. जोडी म्हणजे नवराबायकोच पाहिजे असं नव्हतं. सासूसून येत, बापलेक येत, भांडून अबोला धरलेले दोन मित्र आले होते. अट एकच. ज्याच्यासाठी वेळ काढायचा राहून गेलाय, त्याला आणायचं.

मी पुढच्या शनिवारी शेजारणीला घेऊन गेले. मिस्त्रीनं दोघींना पाहिलं.

"ह्या बाईसंगं तं तुमी दिवसभर बोलता. मले वर आइकू येते."

"तुमची अट काय, जोडी. ही जोडी."

"ही जोडी नाही, ही मिटिंग होय."

शेजारीण फिदीफिदी हसत उतरली. मी दणदणा पाय आपटत उतरले. मग महिनोन्‌महिने मी दर शनिवारी स्वयंपाकघरात, नेमक्या त्या कोपऱ्याखाली उभी राहून कणीक मळायची. आमच्याकडे शनिवारी पोळ्या फार मऊ होत.

वर त्याची बायको बसलेली असायची, वहिनी. तिला हे गाणं अजिबात आवडत नसे. दोन्ही कानांत कापूस घालून ती मांडीवर सूप घेऊन बसायची आणि तुरीच्या शेंगा सोलायची. मी तिला एकदा विचारलं, "वहिनी, आवडत नाही तर बसता कायले?"

"मले गानं नाही समजत, बाई," ती म्हणाली. "हा मानूस हालून राह्यला का नाही, ते समजते. ते पाह्यले बसतो मी."

मला ते बोलणं तेव्हा अगदी अडाणीपणाचं वाटलं होतं. म्हटलं ना, पोरवय.

खरं तर मीही यांना विचारू शकले असते. पण आमच्यात एक जुनं कलम होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी शेगावला ऑर्केस्ट्रा आला होता. हे दोन जागा राखून आले, नवा शर्ट घालून उभे. आणि मी, नवी नवरी, गंभीर चेहरा करून म्हणाले, "मला सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत." हे धाकट्या भावाला घेऊन गेले. दोघं भाऊ ऑर्केस्ट्रा पाहून आले आणि मी लाल पेनानं पेपर तपासले. एकाला चाळीसपैकी एकोणचाळीस दिले, अर्धा मार्क जास्त गेला की काय म्हणून रात्रभर तळमळले. नवऱ्याचा चेहरा पडला होता त्याचे किती गेले, ते मोजलं नाही. त्यानंतर यांनी मला कुठं चल म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अशात आमच्या लेकीला पुण्यात मुलगी झाली. तिची रजा संपत आली, तिचा फोन आला, "आई, तू ये. ती शाळेत जाईपर्यंत तरी राहा." म्हणजे चांगली तीनेक वर्षं. यांना पुणं मानवत नाही, तिथली गर्दी नको, तिथलं वरण गोड. तेव्हा ठरलं की मी जायचं आणि हे इथं डबा लावून राहणार. ठरलं कसं? मी म्हटलं, "मग मी जाते." हे म्हणाले, "जा." टीव्हीवर बातम्या चालू होत्या. इतक्या कमी शब्दांत मी चौथीची सहल पण ठरवली नव्हती. आमच्या ओळखीत पुष्कळ घरांत असंच झालेलं, आजी पुण्यात नातवंडापाशी आणि आजोबा इकडे डब्यापाशी. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. फक्त बॅग भरताना मी यांच्या एका मफलरची उगाच तीनदा घडी घातली.

रविवारी सकाळची पुण्याची गाडी. आदला दिवस शनिवार. वरती पिपा वाजायला लागला आणि मला कळलं, आता तीन वर्षं हे ऐकू येणार नाही. मी हिय्या करून यांना म्हटलं, "वर येता का? थोडा वेळ."

"तो गोंगाट आइकाले? मले बातम्या पाह्यच्या हायेत."

झालं. मग मी जे केलं ते चौथीच्या वर्गात कोणी केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. यांच्या चपला उचलल्या, पदराखाली घेतल्या, जिन्यापाशी गेले आणि माझ्या चपलांना चिकटवून ठेवल्या. छान जोडी दिसत होती. वर गेले तर मिस्त्रीनं वाकून खाली पाहिलं.

"भाऊसाहेब?"

"येऊन राहिलेत मागून. गुडघे धरलेत त्यांचे."

त्यानं कठडा वाजवला, मान तिरकी केली, पण मला आत जाऊ दिलं. मी वहिनीजवळ जाऊन बसले, एक मूठ शेंगा घेतल्या आणि सोलत ऐकायला लागले. मेथीवाला गडी म्हणत होता,

"लाईन गेली, लाईन आली, मोटर माही थांबली,
तिच्या फोनची रिंग मातर वावरभर लांबली!"

जमलेल्या सगळ्या जोड्या माना डोलवत होत्या. पोस्टातले एक गृहस्थ बायकोच्या खांद्यावर ताल धरून होते, आणि बायको ते चालवून घेत होती. मी एकटीच होते, पण ते मला एकटीलाच माहीत होतं. मग सिस्टर उठली. तिनं डोळे मिटले, पहिला सूर घेतला, आणि जिन्यावरून आरोळी आली.

"माह्या चपला कोनं नेल्या?"

हे दारात उभे. अनवाणी, बनियनवर शर्ट उलटा घातलेला, कपाळाला आठ्या. सिस्टर थांबली. पिपा थांबला. वहिनीनं एका कानातला कापूस काढला.

"खाली जिन्यापाशी हायेत," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "बाईच्या बाजूले. तुमी घालून नाही आले काय?"

"मी घालून आलो असतो तं अनवानी कायले असतो?" मग यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या हातात शेंगा. "तुनं आनल्या? काऊन वो? तिकडे मेडिकल बंद होऊन राह्यलं! तुह्या गाडी लागन्याच्या गोळ्या संपल्या हायेत, डबीत पाह्यलं मी आत्ता. घाटात उलट्या करत जाशीन काय? अन् मी तासाचा पलंगाखाली चपला पाहून राह्यलो!"

मला गाडी लागते हे खरं, पण गोळ्या संपल्या हे माझ्या पण लक्षात नव्हतं. बातम्या सोडून या माणसानं माझी डबी उघडून पाहिली होती. मी हातातल्या शेंगा वहिनीच्या सुपात ठेवून दिल्या. तेवढ्यात त्या मेथीवाल्यानं पिपेवाल्याला खूण केली आणि सुरू झाला,

"चपला गेल्या, चपला गेल्या, घरभर शोधू राह्यला,
टीव्ही सोडून साहेब आज गच्चीवरती आला!
गोळी तिच्या पोटासाठी, जीव याचा अर्धा,
अनवानी आला साहेब, फाडून सारा पर्दा!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता हे तडक खाली जाणार आणि उद्यापासून "वाढ" पण म्हणणार नाहीत. पण पंचायत समितीत इतकी वर्षं काढून यांच्यावर कोणी कधी चार ओळी केल्या नव्हत्या. यांनी मिशीवरून हात फिरवला. "पर्दा अन् अर्धा," हळूच म्हणाले, "जुळलं बे."

"बसा, भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाला. "गोळी मी आनतो. चाल वो." हे शेवटचं वहिनीला. आपल्याच गच्चीवरचं गाणं सोडून तो निघाला, पण औषधाच्या दुकानातही एकटा जाईना. वहिनीनं सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या मागं स्कूटरवर बसायला गेली.

हे माझ्या शेजारी बसले. सिस्टरनं पुन्हा सूर घेतला. शब्द यांना समजत नव्हते, मीही सांगितले नाहीत. म्हैस हरपलीय असंही सांगितलं नाही. आवाजाला ती भेग गेली तसे हे सुपातली एक शेंग उचलून नुसतीच हातात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन वर्सं लय होतात वो."

"तुम्हीच म्हणालात, जा."

"तू विचारलं कुठी? तू सांगतलं."

खरं होतं. मी आयुष्यभर सांगतच आले होते, खडूसुद्धा खाली न ठेवता. म्हटलं, "मग आता विचारते. येता का?"

"तिथलं वरन गोड असते."

"मी करीन ना तिखट."

यांनी शेंग सोलली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि गाण्याकडे कान लावून बसले. हो पण नाही, नाही पण नाही. क्लार्क माणूस, फाइल अडवून ठेवायची सवय.

मिस्त्री परत आला. हातात दोन गोळ्या.

"दुसरी कोनाले?" यांनी विचारलं. "मले गाडी लागत नाही."

"नवीन मानसाले घाटात लागू शकते. तुमी जाऊन राह्यले ना बाईसंगं."

"मी? कोन म्हनते मी जाऊन राह्यलो?"

मिस्त्रीनं पुढं होऊन यांच्या पाठीवर दोन बोटं वाजवली, मान तिरकी केली आणि नीट ऐकलं. सगळी गच्ची पाहत होती.

"जाऊन राह्यले," तो म्हणाला.

आणि आम्ही गेलो, दोघं. घाटात गाडी यांनाच लागली. मी त्यांची पाठ चोळत बसले.

खोली मात्र सोडली नाही. लेकीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दोघं बुलढाण्याला जाणार, तेव्हा रजा टाकायची तर तू टाक किंवा जावयाला टाकू दे. ती म्हणाली, "एवढं काय काम असतं तिथं?" मी म्हटलं, "हिपहॉप असतं." फोनवर तिनं नवऱ्याला सांगितलं की आईचं काहीतरी बिनसलंय. बिनसलं नव्हतं. उलट ज्या बाईचं बिनसलेलं होतं ती मोताळ्याच्या शाळेत राहिली होती. नात शाळेत जायला लागली तसे आम्ही परत आलो, आणि नात सुटीत येते तेव्हा पिपा तीच बडवते.

मिस्त्री आता बुलढाण्यात नाही. वहिनीचे गुडघे गेले, जिना होईना. तेव्हा एक दिवस त्यानं गच्चीची किल्ली मेथीवाल्याच्या हाती ठेवली आणि सामान बांधून बायकोच्या माहेरी, शेगावकडच्या खेड्यात राहायला गेला. म्हातारपणी सासुरवाडीत राहतो म्हणून लोकांनी पुष्कळ तोंडं वाकडी केली. मागं आम्ही भेटायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती, देवळात भजन चाललं होतं. वहिनी पुढं बसून तल्लीन, टाळ वाजवत होती. मिस्त्रीला भजनाचा भारी कंटाळा. पण बाजूला मांडी घालून बसला होता, कानामागे पेचकस आणि दोन्ही कानांत कापूस. मला पाहून त्यानं एका कानातला बोळा काढला.

"आवडत नाही तर बसता कायले, मिस्त्री?" मी विचारलं.

"लय वर्सं तिनं कापूस घातला, बाई. आता माहा नंबर." मग टाळ धरलेल्या बायकोकडे त्यानं बोट दाखवलं. "पाहा ना. कशी हालून राह्यली."

आणि कापूस परत कानात घातला.

गच्ची चालू आहे. सिस्टर गाते, मेथीवाला म्हणतो, आणि वरच्या पायरीवर आता त्याची बायको बसून खाली वाकून चपला पाहते. नियम तोच. गेल्या शनिवारी मला जरा उशीर झाला. केस आता पांढरेच ठेवते, पण गजरा नीट बसेना. आतूनच यांना ओरडून सांगितलं, बातम्या संपेपर्यंत थांबा, येतेच मी.

बाहेरून आवाज आला, "कायच्या बातम्या वो? चपला घालून उभा हाव मी कवाचा. चाल!"